अर्ज प्रलंबित असताना मायदेशी प्रवास : परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांनी व पालकांनी ध्यानात ठेवावयाच्या बाबी

शिरगाव, तळेगाव, देहूरोड या आपल्या परिसरातील मुले-मुली आता शिक्षणासाठी व नोकरीसाठी परदेशी जात आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. चाकण-तळेगावच्या औद्योगिक पट्ट्यात जर्मन कंपन्या आहेत, त्यामुळे जर्मनीचे नावही घराघरांत माहीत झाले आहे. व्हिसा कसा मिळवावा याची माहिती पुष्कळ जण देतात. परंतु तेथे गेल्यावर वास्तव्याच्या परवान्याचा अर्ज विचाराधीन असताना गावी यावे की नाही, हा प्रश्न फारसा कोणी समजावून सांगत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

समजा, मुलाच्या व्हिसाची मुदत संपत आली आहे. त्याने मुदतवाढीचा अर्ज केला आहे, निकाल यावयाचा आहे. अशा वेळी घरून फोन जातो, "वडील गेले. पुण्यानुमोदनाला तरी ये." मुलगा मिळेल त्या विमानाने निघतो. येथील विधी पार पडतो आणि परतताना विमानतळावर कळते की, आता त्या देशात प्रवेश नाही. फी भरलेली, प्रबंध अर्धवट, खोलीत सामान तसेच. दुःखावर हा दुसरा घाव बसतो. हा घाव मात्र टाळता येण्यासारखा असतो.

मूळ मुद्दा एकच आहे. देशात राहण्याची मुभा आणि देशात पुन्हा येण्याची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ज वेळेत केला तर निकाल लागेपर्यंत राहू देण्याची सोय बहुतेक देशांत असते. पण ही सोय बहुधा तेथे हजर असणाऱ्यासाठी असते. म्हणून निघण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. मी बाहेर पडलो तर माझा अर्ज जिवंत राहील काय? आणि परत येताना मी कोणता कागद दाखवणार?

ब्रिटन : मुदत संपण्यापूर्वी अर्ज केल्यास १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यातील कलम ३ सी प्रमाणे जुनी परवानगी निकालापर्यंत चालू राहते. मात्र ब्रिटन, आयर्लंड, चॅनेल बेटे व आइल ऑफ मॅन या सामाईक प्रवासक्षेत्राबाहेर गेल्यास अर्ज मागे घेतला असे धरले जाते. कलम ३ सी चे संरक्षणही देश सोडताच संपते. येथे उत्तर सरळ आहे : निकाल लागेपर्यंत थांबावे. काही प्रकारच्या अर्जांना जादा शुल्क भरून लवकर निर्णय मागता येतो, तो पर्याय अर्ज करतानाच विचारात घ्यावा.

अमेरिका : ग्रीन कार्डासाठी तेथेच राहून अर्ज केलेल्या व्यक्तीने 'अ‍ॅडव्हान्स पॅरोल' हा कागद न घेता देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असे मानतात. या कागदासाठी नुसता अर्ज करून भागत नाही, तो मंजूर झालेला असावा लागतो. एच-१ बी किंवा एल-१ वर वैध असलेल्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना यातून सूट आहे, परंतु परततेवेळी तोच व्हिसा वैध हवा. घरी मृत्यू वा गंभीर आजार असेल तर हा कागद तातडीने मागण्याचीही सोय आहे, त्यासाठी पुरावा लागतो.

जर्मनी : अर्ज केल्यावर तेथील परदेशी नागरिक कार्यालय 'फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग' नावाचे तात्पुरते प्रमाणपत्र देते. त्यावर वास्तव्य कायद्याच्या कलम ८१ च्या कोणत्या पोटकलमाखाली ते दिले याची खूण असते. चौथ्या पोटकलमावर खूण असेल तर जुना परवाना चालू आहे असे धरतात व परत येता येते. तिसऱ्या पोटकलमावर असेल तर राहता येते, पण त्या कागदावर पुन्हा प्रवेश मिळत नाही. कागद दिसावयास एकच, अर्थ मात्र दोन! म्हणून खूण आधी पहावी, मगच तिकीट काढावे.

ऑस्ट्रेलिया : निकालापर्यंतच्या काळासाठी 'ब्रिजिंग व्हिसा ए' मिळतो. त्याच्या बळावर राहता येते, पण देश सोडला की तो संपतो. परत यावयाचे असेल तर निघण्यापूर्वी, तेथे असतानाच, 'ब्रिजिंग व्हिसा बी' घ्यावा लागतो व त्यावरील मुदतीतच परतावे लागते.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातील एक प्रसंग विद्यार्थ्यांनी जरूर आठवावा. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. तो प्रश्न व्हिसाचा नव्हता. पण निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. परतीचा दरवाजा उघडा ठेवून निघणे म्हणजे काय, ते यावरून कळते.

विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. मुदतवाढीचा अर्ज शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये.
२. पासपोर्टची मुदत आधी पहावी व गरज असल्यास तेथील भारतीय वकिलातीतून नवा करून घ्यावा.
३. निघण्यापूर्वी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारावे. नियम बदलत असतात, मित्राच्या सांगण्यावर विसंबू नये.
४. अर्जाची पोच, फीची पावती व जुन्या परवान्याची प्रत जवळ बाळगावी.

पालकांनाही एक विनंती आहे. आजारपण असेल तर डॉक्टरांचे इंग्रजीतील प्रमाणपत्र लगेच पाठवावे, तातडीची परवानगी मागताना ते उपयोगी पडते. आणि "ताबडतोब ये" म्हणण्यापूर्वी "तुझा अर्ज कोठे आहे?" एवढे अवश्य विचारावे. मुलगा येऊ शकला नाही, तर त्याला माया नाही असे समजू नये. भावकीत कोणी तसे बोलले, तर घरच्यांनीच त्याची बाजू सांगावी. त्या क्षणी परक्या मुलखात एकटा बसून तोही रडत असतो.