आकाशाचा गट नंबर: गोलावरचा तुकडा संगणकाला कसा सांगायचा

१७ ऑगस्ट २०१७. आपल्या घड्याळात संध्याकाळचे ६ वाजून ११ मिनिटं झालेली. लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेली गुरुत्वीय लहर पकडली. आता हे डिटेक्टर काही दुर्बिणीसारखे एका बिंदूकडे बघत नाहीत. ते फक्त एवढंच म्हणतात, की लहर आकाशाच्या साधारण या भागातून आली. हा भाग दाखवणारा, तिन्ही डिटेक्टर धरून केलेला नकाशा सुमारे पाच तासांनी जगभरच्या दुर्बिणींकडे गेला. सुधारित हिशेबात तो भाग २८ चौरस अंशांचा निघाला. म्हणजे सुमारे १४० पूर्णचंद्र शेजारी शेजारी मांडले तर जेवढी जागा व्यापतील तेवढा. चिलीमधून तो भाग सूर्यास्तानंतर काही तासांतच मावळणार होता. तेवढ्यात शोधायचं!

आज या एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय. ‘आकाशाचा अमुक भाग’ हे एका संगणकानं दुसऱ्या संगणकाला सांगायचं कसं?

पहिलं उत्तर सगळ्यांना सुचतं तेच. पृथ्वीवर रेखांश-अक्षांश असतात, तसे आकाशात विषुवांश आणि क्रांती. मग विषुवांश इथून तिथपर्यंत, क्रांती इथून तिथपर्यंत, झाला चौकोन. कागदावर हे झकास दिसतं. पण विषुवांश ३६० अंशांना संपतो आणि तिथंच पुन्हा शून्य सुरू होतो. रेवती संपली की अश्विनी, तसंच. एक तारा ३५९.९ अंशांवर, दुसरा ०.१ अंशांवर. प्रत्यक्षात दोघे अगदी शेजारी. पण संगणकाला सरासरी काढायला सांगा, तो १८० म्हणेल, आकाशाच्या बरोबर दुसऱ्या बाजूला! ‘३५९ पेक्षा मोठे आणि १ पेक्षा लहान’ असे तारे मागितले, तर एकही मिळणार नाही.

ध्रुवाजवळ आणखी गंमत. विषुववृत्तावर विषुवांशाचा एक अंश म्हणजे खरोखर एक अंश. क्रांती ६० वर तोच अर्धा अंश उरतो, आणि ध्रुवावर काहीच नाही. म्हणजे आकड्यांत सारखे दिसणारे चौकोन आकाशात सारखे नसतात.

वर्तुळ मात्र चालतं. केंद्र द्या, त्रिज्या द्या, कोनीय अंतराचं सूत्र वापरा, ध्रुवावरही बिघडत नाही. एका ताऱ्याभोवती काय आहे, एवढाच प्रश्न असेल तर वर्तुळ वापरा आणि मोकळे व्हा. बहुभुजाला दोन अडचणी आहेत. कडा कशी धरायची, दोन बिंदूंमधल्या सर्वांत जवळच्या वाटेनं की सारख्या क्रांतीच्या रेषेनं? आणि आतली बाजू कुठली? फुटबॉलवर मधोमध रेघ मारा आणि सांगा, आतली बाजू कोणती! कागदावर हा प्रश्नच येत नाही, गोलावर तो प्रत्येक वेळी येतो.

त्यात गुरुत्वीय लहरींचे भाग वर्तुळही नसतात आणि सरळ बहुभुजही नसतात. दोनच डिटेक्टर असतील तर लहर पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून आकाशात एक कडं मिळतं. बाकी माहितीनं त्या कड्याचे केळ्यासारखे तुकडे उरतात, कधी एक, कधी दोन, तेही आकाशाच्या दोन टोकांना.

इथं जमिनीचा दाखला घेऊ. जुन्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात: पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचं शेत. ओढा सरकला की भांडण. सात-बाऱ्यावर मात्र गट नंबर असतो, आणि वाटणी झाली की त्याच नंबराखाली पोटहिस्से पडतात. आकाशाच्या बाबतीत नेमकं हेच केलं गेलं. सीमा सांगणं सोडलं आणि सगळ्या आकाशाला आधीच गट नंबर देऊन टाकले.

या पद्धतीचं नाव हीलपिक्स. क्रिस्तोफ गोर्स्की आणि सहकाऱ्यांनी ती १९९० च्या दशकात तयार केली, मुळात विश्वातल्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीच्या नकाशांसाठी. अख्ख्या गोलाच्या १२ सारख्या क्षेत्रफळाच्या फरशा करायच्या: चार उत्तरेला, चार मध्यावर, चार दक्षिणेला. आकार सगळ्यांचा एकसारखा नाही, तो गोलावर होतही नाही, पण क्षेत्रफळ तंतोतंत सारखं. त्यांना ० ते ११ नंबर. मग प्रत्येक फरशीचे चार तुकडे, त्या प्रत्येकाचे पुन्हा चार. पाच नंबरच्या फरशीची पोरं २०, २१, २२, २३. विसाची पोरं ८० ते ८३. चारनं गुणलं की पोरं, चारनं भागून बाकी सोडली की आई. प्लँक उपग्रहाच्या बारीक नकाशांसाठी ही वाटणी ११ वेळा केली, फरशा झाल्या ५ कोटी ३ लाखांच्या वर. २९ वेळा केली तर एकेका फरशीची बाजू कोनीय सेकंदाच्या अडीच हजाराव्या भागाएवढी उरते, आणि तरीही तिचा नंबर ६४ बिटांत मावतो. म्हणूनच २९ ला थांबतात.

आता ‘भाग’ म्हणजे काय? नुसती नंबरांची यादी. भागाच्या पोटात मोठ्या फरशा ठेवायच्या, कडेला बारीक. चारही पोरं यादीत असतील तर ती खोडून आईचा एक नंबर लिहायचा. याला मॉक म्हणतात. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय आभासी वेधशाळा संघटनेनं त्याचं प्रमाण ठरवलं.

फायदा कुठं होतो बघा. लहरीचा भाग आणि दुर्बिणीनं आधी टिपलेलं आकाश, यांत सामाईक किती? बहुभुजांनी हे करायचं तर गोलावरची त्रिकोणमिती, आणि दर वेळी ते ३६०-शून्याचं झेंगट. इथं दोन क्रमानं लावलेल्या याद्या आहेत. दोन बोटं दोन याद्यांवरून सरकवा, जुळलं ते सामाईक. ध्रुव असो, शून्य असो, भागाचे दहा तुकडे असोत, कृती तीच.

मॉकला एक मोठी मर्यादा आहे. ते फक्त ‘आत’ किंवा ‘बाहेर’ एवढंच सांगतं. पण लहर इथून आली असण्याची शक्यता सगळीकडे सारखी नसते. म्हणून लायगोच्या नकाशात प्रत्येक फरशीपुढे संभाव्यताही लिहिलेली असते. जिथं ती सर्वांत दाट, तिथून बेरीज सुरू करायची, ९० टक्के झाले की थांबायचं. तो २८ चौरस अंशांचा आकडा असाच ९० टक्क्यांचा आहे. फक्त लायगोच्या दोन डिटेक्टरांवर तोच सुमारे १९० होता, व्हर्गोची भर पडली म्हणून इतका उतरला. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया हवं ते याचसाठी: डिटेक्टर एकमेकांपासून लांब असतील तेवढी यादी आखूड.

त्या दिवशी यादी पुरेशी आखूड होती. भागातल्या योग्य अंतरावरच्या दीर्घिका एकेक करून बघता आल्या. टकरीनंतर ११ तासांच्या आत, चिलीतल्या एक मीटरच्या स्वोप दुर्बिणीला वासुकी तारकासमूहातल्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका दिसला. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर.

‘फरशीच्या कडेवरचा तारा कुणाचा?’ असा प्रश्न चिठ्ठीवर आलाय. तारा एका बिंदूवर असतो, त्यामुळे नियमानं तो एकाच फरशीत जातो. कॅमेऱ्याच्या चौकटीची कड मात्र फरशीला मधोमध कापते. अशा वेळी सहसा अख्खी फरशी यादीत घेतात, म्हणून मॉक खऱ्या भागापेक्षा थोडं मोठं असतं. काही सुटण्यापेक्षा ते बरं. नेमकी कड हवीच असेल तर शेवटची चाळणी बहुभुजानं लावा.

घरी करून बघणाऱ्यांसाठी: गाया उपग्रहाच्या यादीतल्या कुठल्याही ताऱ्याचा ओळख क्रमांक घ्या आणि त्याला २ च्या ३५व्या घातानं भागा. पूर्णांक भाग म्हणजे १२व्या पायरीवरचा फरशी नंबर. त्या यादीत १८० कोटींच्या वर नोंदी आहेत, आणि प्रत्येकीच्या नावातच तिचा पत्ता आहे. मात्र गायाचे नंबर विषुववृत्तीय चौकटीतले, प्लँकच्या नकाशाचे आकाशगंगेच्या चौकटीतले. शिवाय प्लँकच्या फायलींत अनेकदा आई-पोरांचा क्रम असतो, तर इतर काही नकाशांत फरशा कड्याकड्यानं मोजलेल्या. तोच आकडा, पण जागा वेगळी, आणि संगणक कसलीही तक्रार करत नाही. म्हणून फाईल उघडली की नंबर वाचण्याआधी तिच्या शीर्षकात चौकट आणि क्रम कोणता लिहिलाय ते बघा.