मिटल्या डोळ्यांपुढचे चित्र

‘डोळे मिटा आणि आपले घर डोळ्यांसमोर आणा,’ असे वर्गात सांगितले म्हणजे सर्वच मुलांना ते सारखे दिसते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. कुणाला उंबऱ्यापुढची रांगोळीदेखील रंगांसह दिसते, तर कुणाला नुसता काळोख. या दुसऱ्या मुलावर ‘लक्ष देत नाही’ असा शिक्का बसतो. हा त्याच्यावर अन्याय होय, असे आम्हांस वाटते.

इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी लोकांना सकाळच्या न्याहारीचे टेबल आठवावयास सांगून प्रश्न विचारले व त्याची हकीकत १८८० मध्ये प्रसिद्ध केली. कित्येक वैज्ञानिकांनी असे चित्र आपणांस दिसतच नसल्याचे कळविले होते. या अवस्थेस २०१५ मध्ये अ‍ॅडम झेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अफँटेशिया’ हे नाव दिले. हे बुद्धिमांद्याचे लक्षण नव्हे. संगणकावर चित्रपट घडविणाऱ्या ‘पिक्सार’ संस्थेचे एक संस्थापक एड कॅटमल यांनाही मनात चित्र दिसत नाही.

मग रोजच्या सरावाचा उपयोग काय? येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. मनातील चित्र उजळ होणे ही एक. आकार, दिशा आणि जागा मनात हाताळता येणे ही दुसरी. पहिलीची हमी मुलास कुणी देऊ नये. दुसरी मात्र सरावाने निश्चित सुधारते; २०१३ मध्ये २१७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातूनही हेच दिसून आले. महाराष्ट्रातील एलिमेंटरी चित्रकला परीक्षेत स्मरणचित्र आणि इंटरमिजिएटमध्ये घनभूमिती असते, ती याच शक्तीच्या कसोटीसाठी.

आमच्या पिरनवाडीत आम्ही मुलांकडून रोज पाच मिनिटे एवढेच करवून घेतो. टेबलावरची कपबशी मिनिटभर पाहावयाची, ती झाकल्यावर कागदावर काढावयाची, मग झाकण उचलून पडताळावयाचे. दुसऱ्या दिवशी तीच कपबशी समोरच्या बाजूने कशी दिसेल, ते काढावयाचे. कधी विचारतो, ‘खानापूर रस्त्याने येताना डाव्या हाताला लागलेले झाड परतताना कोणत्या हाताला?’

महिनाभर झगडूनही एका मुलाच्या डोळ्यांपुढे काही येईना. तो रडकुंडीस आला. आम्ही त्याला घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढावयास सांगितले. त्याने एकही वळण न चुकता तो काढला. विचारले, तेव्हा म्हणाला, ‘सर, दिसत नाही, पण ठाऊक आहे.’

पालकांनी घरी हा सराव अवश्य घ्यावा. ‘दिसले का?’ असा तगादा मात्र लावू नये. मुलाचा आजचा कागद त्याच्याच कालच्या कागदाशेजारी ठेवावा, भावंडाच्या नव्हे. प्रगती झाली असेल तर ती तेथेच दिसेल.