मोटारींतील हवा व इंधन यांचें प्रमाण

गॅसच्या शेगडीची ज्योत निळी असली म्हणजे गृहिणी निश्चिंत असते. ती पिवळी पडून भांड्याचें बूड काळें होऊं लागलें, कीं ज्वलनाला हवा कमी पडत आहे हें तिला कोणी सांगावें लागत नाहीं. मोटारीच्या इंजिनांतहि हाच नियम चालतो. मात्र तेथील ज्योत आपल्या दृष्टीस पडत नाहीं. न दिसणाऱ्या त्या ज्योतीची परीक्षा कशी करावी, आणि त्या कामीं खिशांतील स्मार्टफोनचा कितपत उपयोग होतो, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम मूळ हिशेब पाहूं. १ किलो शुद्ध पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. हवा याहून कमी मिळाली तर मिश्रण दाट झालें असें म्हणूं. गॅरेजांत त्यालाच 'रिच' म्हणतात. हवा जास्त झाली तर तें विरळ, म्हणजे 'लीन'. दाट मिश्रणानें पेट्रोल वायां जातें आणि धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु वाढतो. मिश्रण फार विरळ झालें तर इंजिन अडखळतें, आणि धुरांतील नायट्रोजनच्या घातक ऑक्साइडांचें निवारण होत नाहीं. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पूर्ण काम करतो तो या दोहोंच्या अगदीं मध्यावरच.

हा मध्य साधण्यासाठीं धुराच्या नळींत ऑक्सिजन सेन्सर बसविलेला असतो. बॉश कंपनीनें बनविलेला असा सेन्सर १९७६ सालीं व्होल्व्हो मोटारींत प्रथम वापरांत आला. जळून उरलेल्या वायूंत प्राणवायु किती शिल्लक आहे, एवढेंच तो ओळखतो. त्याचा साधा प्रकार विरळ मिश्रणास सुमारें ०.१ व्होल्ट आणि दाट मिश्रणास सुमारें ०.९ व्होल्ट अशी खूण देतो. ती पाहून इंजिनाचा संगणक क्षणोक्षणीं पेट्रोल कमीजास्त करीत राहतो.

हें संभाषण आतां आपल्यालाहि ऐकतां येतें. अमेरिकेंत १९९६ च्या मॉडेलांपासून आणि भारतांत २०१३ च्या एप्रिलपासून मोटारींना 'ओबीडी-२' ही स्वयंपरीक्षणाची व्यवस्था सक्तीची झाली. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूस १६ पिनांचें एक सॉकेट असतें. त्यांत छोटा अ‍ॅडॅप्टर बसवून तो ब्लूटूथनें फोनला जोडला, कीं अ‍ॅप उघडतांच आंकडे दिसूं लागतात.

येथें सावध राहिलें पाहिजे. पडद्यावर १४.७ दिसलें म्हणजे इंजिन निरोगी, असा समज पुष्कळांचा होतो, आणि तोच फसवा आहे. एक तर, कांहीं अ‍ॅपांतील हा आंकडा संगणकानें ठरविलेलें उद्दिष्ट असतो, प्रत्यक्ष मोजमाप नव्हे. दुसरें, साधा सेन्सर मिश्रण दाट कीं विरळ एवढेंच सांगतो. नेमकें प्रमाण मोजण्यास 'वाइडबँड' जातीचा सेन्सर लागतो. आणि तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें: बिघाड असला तरी संगणकानें तो आधींच सांवरून घेतलेला असतो. ताप उतरविणारी गोळी घेऊन मग थर्मामीटर लावावा, तसा हा प्रकार आहे. पारा खालीं दिसेल. रोग गेला असें मात्र ठरणार नाहीं.

अशा वेळीं वैद्य गोळी किती दिली हें विचारील. मोटारींत त्या मात्रेचें नांव 'फ्युएल ट्रिम'. अ‍ॅपमध्यें तिचे 'शॉर्ट टर्म' व 'लाँग टर्म' असे दोन आंकडे असतात. त्यांची बेरीज पाहावी. अधिक चिन्ह म्हणजे संगणक जादा पेट्रोल देत आहे, उणें म्हणजे कमी करीत आहे. बेरीज ५ टक्क्यांच्या आंत असली तर उत्तम. १० च्या पलीकडे ती टिकून राहिली तर चौकशी करावी. 'चेक इंजिन'चा दिवा मात्र पुष्कळ मोटारींत ती २५ च्या आसपास गेल्यावरच लागतो. या मधल्या टप्प्यांत मालकाला एरवीं कांहींच कळत नाहीं, आणि अ‍ॅपचा खरा उपयोग तेथेंच आहे.

परीक्षा उघड्या जागीं, इंजिन नीट तापल्यावर घ्यावी. बंद गॅरेजांत कधींहि नव्हे. आधीं मोटार उभी असतांना आंकडे टिपावे, मग इंजिनाचे फेरे मिनिटाला २५०० वर धरून पुन्हां टिपावे. आंत येणारी हवा मोजणारा सेन्सर ज्या मोटारींत असतो, तींत पहिला आंकडा बराच अधिक येऊन दुसरा शून्याजवळ आला, तर त्या सेन्सरच्या पुढें एखाद्या फाटक्या नळींतून हवा चोरून शिरत असावी. घाट चढतांना आंकडा वाढत गेला, तर पेट्रोल कमी पडत असावें. पंप व फिल्टर तपासावे. बेरीज सतत उणें असली, तर ठिबकणाऱ्या इंजेक्टरचा संशय घ्यावा. स्पार्क प्लग चुकत असला किंवा सेन्सरच्या अलीकडे धुराची नळी फुटली असली, तरीहि सेन्सरला जादा प्राणवायु लागून मिश्रण विरळ भासतें. अशा वेळीं चांगला सेन्सर बदलला जातो आणि दोष जागच्या जागीं राहतो.

आतां एका नव्या कारणाचाहि विचार केला पाहिजे. भारतांत २०२५ पर्यंत पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण गांठलें गेलें. महाराष्ट्रांतील साखर कारखान्यांचा त्यांत मोठा वांटा आहे. इथेनॉल स्वतःबरोबरच प्राणवायु आणतें, म्हणून त्याच्या १ किलोस ९ किलोच हवा पुरते. परिणामीं या मिश्रणाचें योग्य प्रमाण १३.५ च्या सुमारास येतें. तरीहि पुष्कळ अ‍ॅपें १४.७ च दाखवितात, कारण सेन्सर समतोल सांगतो आणि अ‍ॅप त्याला १४.७ नें गुणतें. १० टक्के मिश्रणासाठीं जुळविलेल्या मोटारींत, हिशेबानें, ट्रिम ४ टक्क्यांनीं वाढावी. तेवढ्या वाढीला रोग समजूं नये.

थंड इंजिन सुरू करतांना आणि पुष्कळ मोटारींत पूर्ण वेग घेतांना संगणक मुद्दाम मिश्रण दाट करतो. तेव्हांचे आंकडे जमेस धरूं नयेत. चालत्या मोटारींत फोन शेजारच्यानें पाहावा. गॅरेजांत जाण्यापूर्वीं अ‍ॅपमधून बिघाडाची नोंद पुसूं नये. तिच्याबरोबर निदानाचा पुरावाहि जातो. टिपलेले आंकडे मेकॅनिकपुढें ठेवावे, आणि दुरुस्तीनंतर कांहीं दिवसांनीं तेच पुन्हां पाहावे. ते शून्याकडे आले असतील तर दिलेले पैसे सार्थकीं लागले. तसेच राहिले असतील, तर कोणताहि नवा भाग विकत घेण्यापूर्वीं पुन्हां तपासणी करून मागावी.