घेता येत असूनही न घेतलेले धन

देणारा देण्यास तयार आहे, करार लेखी आहे, मुदत संपलेली नाही आणि कायदा घेणाऱ्याच्या बाजूने आहे; अशा वेळी समोर आलेली रक्कम नाकारणारा मनुष्य व्यवहारात क्वचितच आढळतो. जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलपटू गिल मेश यांनी अशी रक्कम नाकारली. ती १ कोटी २० लाख डॉलरांहून अधिक होती. त्या वेळच्या दराने तिचे मोल पन्नास कोटी रुपयांपेक्षा जास्त होते.

मेश हे पिचर होते. बेसबॉलमध्ये पिचरचे स्थान क्रिकेटमधील गोलंदाजासारखे असले, तरी त्याचे कष्ट निराळे आहेत. मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभे राहून साडेसाठ फुटांवरील फलंदाजाकडे टप्पा न पाडता, ताशी १४५ किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने तो चेंडू फेकतो. सामन्याची सुरुवात करणारा पिचर एका सामन्यात शंभराच्या आसपास चेंडू टाकतो, चार दिवस विसावा घेतो आणि पाचव्या दिवशी पुन्हा उभा राहतो. १६२ सामन्यांच्या हंगामात असे तीसहून अधिक वेळा घडते. या पेशाचे सारे भांडवल एका खांद्यात व एका कोपरात साठवलेले असते आणि त्याची झीज भरून निघेलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

लुइझियाना राज्यातील लाफायेट येथे १९७८ मध्ये जन्मलेल्या मेश यांना १९९६ मध्ये सिॲटल मरिनर्स संघाने निवडीच्या पहिल्याच फेरीत घेतले. जुलै १९९९ मध्ये, वयाची एकविशी पूर्ण होण्यापूर्वीच, ते सर्वोच्च श्रेणीत खेळू लागले. पण लवकरच खांदा दुखावला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि २००१ व २००२ या दोन वर्षांत त्यांना त्या श्रेणीतील एकही सामना खेळता आला नाही. २००३ मध्ये ते परतले आणि त्या हंगामातील १५ विजय त्यांच्या नावावर जमा झाले. २००६ अखेर त्यांच्या खाती ५५ विजय आणि ४४ पराभव होते. कामगिरी चांगली, पण असामान्य नव्हे.

म्हणूनच डिसेंबर २००६ मध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सने त्यांच्याशी पाच वर्षांचा, ५ कोटी ५० लाख डॉलरांचा करार केला, तेव्हा अनेक जाणकारांनी संघाला वेड्यात काढले. नुकत्याच संपलेल्या हंगामात रॉयल्सने शंभर सामने गमावले होते. मेश यांनी उत्तर मैदानावर दिले. २००७ च्या पहिल्याच सामन्यात त्यांनी बोस्टनच्या बलाढ्य संघाला नमवले. त्या वर्षी आणि पुढील वर्षी त्यांनी प्रत्येकी ३४ सामन्यांत सुरुवात केली. २००७ मध्ये त्यांची ऑल-स्टार सामन्यासाठी निवड झाली आणि २००८ मध्ये त्यांनी १४ विजय मिळवले. सौदा महाग पडला, असे म्हणणारे आता कमी उरले.

जून २००९ मध्ये एका सामन्यात त्यांनी १३२ चेंडू टाकून प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव काढू दिली नाही. त्यानंतर मात्र उतार लागला. पाठ व खांदा साथ देईनात. २०१० मध्ये त्यांच्या नावावर एकही विजय नव्हता, पराभव पाच होते. हंगामाच्या अखेरीस तर सामन्याच्या उत्तरार्धात थोडेसे चेंडू टाकण्याचे दुय्यम काम त्यांच्याकडे आले.

कराराचे पाचवे वर्ष शिल्लक होते. अमेरिकन बेसबॉलमध्ये अशा कराराचे वेतन हमीचे असते. खेळाडू जायबंदी झाला तरी संघाला ते द्यावेच लागते. आणखी एक शस्त्रक्रिया करून घ्यायची, वर्षभर उपचार घ्यायचे आणि पूर्ण वेतन उचलायचे, हा मार्ग मोकळा होता. त्या मार्गाने जाणाऱ्या खेळाडूला कोणी नावेही ठेवत नाही. खेळाडूने आपण होऊन निवृत्ती घेतली, तरच उरलेल्या रकमेवरील त्याचा हक्क संपतो. बत्तिसाव्या वर्षी मेश यांनी नेमके तेच केले. आपण हे पैसे कमावत नाही, ते आपल्याला शोभत नाहीत, ही जाणीव आदल्या हंगामातच छळू लागली होती आणि ती पुन्हा अनुभवायची नव्हती, अशा आशयाचे कारण त्यांनी न्यूयॉर्क टाइम्सला सांगितले.

या घटनेचे मोल ठरवताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. आधीच्या चार वर्षांत मेश यांना चार कोटी डॉलरांहून अधिक मिळाले होते. त्यांच्या घरची चूल या निर्णयामुळे विझणार नव्हती. शिवाय तो खांदा संघाच्याच सेवेत झिजला होता. ती रक्कम त्यांनी घेतली असती, तरी तो अन्याय ठरला नसता. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान. येथे तर देणारा हाती घेऊन उभा होता. अचौर्य व्रताला कोठेही बाध येत नव्हता.

तरीही श्रावकाचा विचार एवढ्यावर थांबत नाही. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात गृहस्थाचे जे पस्तीस गुण सांगितले, त्यांत पहिला आहे ‘न्यायसंपन्न विभव’. धनाला तेथे नकार नाही. ते न्यायाने संपादन केलेले असावे, एवढीच अपेक्षा आहे. कायद्याने जे घेता येते आणि श्रमाने जे आपले होते, या दोहोंत कधी कधी अंतर पडते. ते अंतर पंच किंवा लेखापरीक्षक मोजत नाही; ज्याचे त्यालाच मोजावे लागते. मेश जैन नव्हते आणि त्यांनी कोणतेही व्रत घेतलेले नव्हते. पण हे अंतर त्यांना जाणवले आणि ‘आता पुरे’ ही परिग्रहाची मर्यादा त्यांनी स्वतःच आखली.

व्यापारी घरांना हा प्रश्न परका नाही. पेढीवर येणे थांबलेल्या भागीदाराचे मानधन पूर्वीच्याच दराने चालू असते. दलालाने मध्यस्थी सोडून वर्षे लोटतात, तरी जुन्या ओळखीवर त्याची दलाली निघत राहते. सल्ला विचारला जात नाही, पण सल्लागाराचा धनादेश दरमहा वटतो. या प्रत्येक रकमेमागे करार असतो, वहीत नोंदही चोख असते. काही वेळा ती रक्कम पूर्वीच्या कष्टांचे रास्त फळ असते, तर काही वेळा केवळ सवयीने चालत आलेली असते. घरातील धाकट्यांच्या ते ध्यानात येते, पण वडीलधाऱ्यांपुढे विषय काढण्यास कोणी धजावत नाही. त्यामुळे तो काढण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच येते.

मेश यांच्या कारकिर्दीचा हिशेब ८४ विजय आणि ८३ पराभव असा मांडला जातो. विजयांची बाजू पराभवांपेक्षा एकानेच जड आहे. विक्रमांच्या याद्यांत त्यांचे नाव फार वर सापडणार नाही. पण कराराच्या अखेरच्या वर्षाचे वेतन म्हणून त्यांनी एक डॉलरही घेतला नाही, ही नोंद त्या आकड्यांच्या शेजारी ठेवल्याखेरीज त्यांचे खाते पूर्ण होत नाही.