ठगाच्या जबानीपासून चाँदबीबीच्या किल्ल्यापर्यंत

आमच्या साताऱ्याच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास मोठ्याने वाचायची जुनी सवय आहे. एक जण पुस्तक वाचतो, इंग्रजी असेल तर दुसरा मराठीत सांगत जातो आणि दादी मधूनमधून दखनीत शेरा मारते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही फिलिप मेडोज टेलर या लेखकाची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी वाचायला घेतली. सांगलीहून नववीत शिकणारी भाची आली होती. दोन रात्री तिने मन लावून ऐकले. तिसऱ्या रात्री म्हणाली, "मामू, सगळ्यात मोठा खुनी आपल्यातलाच का दाखवलाय? मला नाही ऐकायचं पुढे."

प्रश्न साधा होता, पण आम्ही सगळेच गप्प झालो. कारण तोच प्रश्न आमच्याही मनात होता. पुस्तक मिटावे की वाचावे, याचा विचार त्या रात्री आम्हाला करावाच लागला. तोच वाचकांपुढे ठेवत आहोत.

आधी लेखकाची ओळख. टेलरचा जन्म 1808 साली इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला झाला. पंधरा वर्षांचा असताना तो एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी मुंबईला आला. ते जमले नाही, आणि 1824 मध्ये तो हैदराबादच्या निजामाच्या फौजेत दाखल झाला. पुढची पस्तीसएक वर्षे त्याने दख्खनमध्येच काढली. फारसी आणि हिंदुस्तानी शिकला, सुरपूर संस्थानाचा कारभार पाहिला, नळदुर्ग जिल्ह्यात आणि 1857 च्या धामधुमीत बुलढाण्याकडे काम केले. त्याची बायको मेरी हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची मुलगी, आणि पामर यांची आई मुसलमान बेगम होती. म्हणजे मुसलमान घर त्याने केवळ कचेरीच्या खिडकीतून पाहिलेले नव्हते.

त्याची ही पहिली कादंबरी 1839 साली लंडनला निघाली. राणी व्हिक्टोरिया तेव्हा नुकतीच गादीवर आली होती. पुस्तक छापून होईपर्यंतही तिला धीर निघेना आणि छापलेली पाने तिने तशीच मागवून वाचली, असे सांगतात. गोष्ट अमीर अली नावाच्या ठगाची, त्याच्याच तोंडून सांगितलेली. इस्माईल नावाचा ठग प्रवासात एका पठाण कुटुंबाला मारतो आणि त्यांच्या लहानग्या मुलाला मात्र वाचवून आपला मुलगा म्हणून वाढवतो. तोच अमीर अली. मोठा होऊन तो त्याच धंद्यात पडतो, वाटसरूंशी गोड बोलून रुमालाचा फास टाकतो. पुढे एक दिवस त्याला कळते, की ज्या बाईला त्याने ठार केले ती त्याची सख्खी बहीण होती. हा भाग वाचला तेव्हा दादीने तसबीह खाली ठेवली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येऊ. त्याचे उत्तर आम्ही तीन भागांत दिले.

पहिला भाग पुस्तकातच आहे. अमीर अलीच्या टोळीत हिंदूही आहेत आणि मुसलमानही. सगळे मिळून देवीचे शकून पाहतात आणि सगळे मिळून लूट वाटून घेतात. निरपराधाचा जीव घेणे हा केवढा गुन्हा आहे, हे आपल्या मुलांना लहानपणीच शिकवलेले असते. तेव्हा अमीर अलीचे नाव मुसलमानाचे असले, तरी त्याचा धंदा कोणत्याही धर्माचा नाही.

दुसरा भाग लेखकाबद्दलचा. टेलर राज्यकर्त्यांपैकी होता. ठगांचे जबाब त्याने स्वतः नोंदवले होते, आणि अमीर अली हे पात्रही एका खऱ्या माफीच्या साक्षीदारावर बेतलेले आहे. पण जबाब देणारा कैदी आणि जबाब घेणारा साहेब, यांच्यामध्ये खरे किती आणि साहेबाला ऐकायचे होते ते किती, असा प्रश्न आजचे इतिहासकार विचारतात. इंग्रजांनी ठगांचा बोभाटा वाढवून आपल्या राज्याची गरज पटवून दिली, असेही काहींचे म्हणणे आहे. 1840 मध्ये आलेल्या 'टिपू सुलतान' या कादंबरीत तर टेलरने टिपूला क्रूर म्हणूनच रंगवले आहे. तिच्यावरच बेतलेली हरि नारायण आपट्यांची 'म्हैसूरचा वाघ' मराठीत आली. म्हणजे एका साहेबाची नजर आपल्या भाषेतही कशी शिरते, हेही पाहण्यासारखे आहे. गोष्टीची मजा जरूर घ्यावी, पण साक्षीदार कोण आणि लिहून घेणारा कोण, हे विसरू नये.

तिसरा भाग आम्ही सांगितला नाही, वाचून दाखवला. त्याच टेलरने आयुष्याच्या अखेरीस 'अ नोबल क्वीन' लिहिली. 1876 मध्ये तो वारला आणि त्यानंतर 1878 साली ती तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तिची नायिका आहे चाँदबीबी. अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाची ही मुलगी विजापूरच्या पहिल्या अली आदिलशाहाला दिली होती. 1580 मध्ये नवऱ्याचा खून झाला. गादीवर आला नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम, आणि त्याला सांभाळण्याची जबाबदारी तिच्यावर पडली. पुढे 1595 मध्ये अकबराचा मुलगा मुराद अहमदनगरवर चालून आला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा बुरखा घेऊन, हातात तलवार धरून ती भगदाडापाशी उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून घेतला. शेवटी तिला शत्रूने नव्हे, तिच्याच लोकांनी मारले.

आम्ही भाचीला म्हणालो, "ज्या हाताने अमीर अली लिहिला, त्याच हाताने ही राणीही लिहिली. आता एकच वाचून दुसरी सोडायची का?" ती हसली आणि पुढे सरकून बसली.

या कादंबऱ्यांत आमच्यासारख्या घरांना आणखी एक आनंद आहे, तो भाषेचा. टेलरची पात्रे इंग्रजीत बोलतात, पण मधेच 'इन्शाअल्लाह', 'माशाअल्लाह', 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणतात. दादीने पहिल्यांदा ऐकले तेव्हा म्हणाली, "अगे, ये तो अपनेच लोगां बोल रहे!" शिवाय जागाही ओळखीच्या. 1863 च्या 'तारा'मध्ये तुळजापूर, विजापूर आणि प्रतापगडाखालचा आपला मुलूख आहे. 'अ नोबल क्वीन'मधली झोरा कृष्णेतल्या जलदुर्ग किल्ल्यावर राहते. तीच कृष्णा महाबळेश्वरला उगम पावून वाईवरून, कऱ्हाडवरून, भाचीच्या सांगलीवरून खाली जाते. 2019 च्या पुरात याच नदीने सांगलीतली हजारो पुस्तके बुडवली. भाचीच्या घरचे कपाटही त्यात गेले. म्हणूनही असेल, पुस्तक मिटून ठेवायची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही.

टेलरच्या या कादंबऱ्यांचे हक्क कधीच संपले आहेत. इंग्रजीतून त्या मोबाइलवर मोफत मिळतात. भाषा जुनी आहे, वर्णने लांब आहेत. घाई न करता रोज दहा-बारा पाने घ्यावीत. घरातल्या ज्या मुलाला किंवा मुलीला इंग्रजी बरे येते त्याने वाचावे, मोठ्यांनी मराठीत समजून सांगावे. मुलांचे इंग्रजी सुधारते, मोठ्यांना गोष्ट मिळते. खुनाचे प्रसंग असल्यामुळे लहान मुले झोपल्यावरच अमीर अली काढावा, हे मात्र अनुभवाने सांगतो.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी फजरनंतर आम्ही भाचीला घेऊन अजिंक्यताऱ्यावर गेलो. साताऱ्यात जन्म काढलेल्या आमच्यापैकी कित्येकांना जे ठाऊक नव्हते, ते आम्ही तिला तिथे सांगितले. विजापूरचा कारभारी किश्वरखान याला चाँदबीबीची अडचण होऊ लागली, तेव्हा त्याने तिला याच साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत पाठवले होते. पुढे किश्वरखानालाच पळून जावे लागले आणि ती मानाने विजापूरला परतली.

भाची तटावर टेकून बराच वेळ खाली शहराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मामू, शाळेच्या सहलीला आम्ही इथे आलो होतो. हे कुणी सांगितलंच नाही."

सांगणारे कुणी नसेल, तर आपणच वाचायचे आणि आपणच सांगायचे. जाताना तिने 'अ नोबल क्वीन' आपल्या मोबाइलमध्ये उतरवून घेतली. दुसरा खंड सांगलीत वाचणार आणि दर जुम्याला फोनवर दादीला सांगणार, असे ठरले आहे.