पांझरेचे फड

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर ठिकठिकाणी जुने दगडी बंधारे आहेत. त्यांच्या पाण्यावर गेली तीन-चारशे वर्षे फड पद्धतीने शेती होत आली. नाशिक जिल्ह्यातल्या मोसम आणि आरम नद्यांवरही हीच पद्धत आहे.

बंधाऱ्यामुळे नदीचे पाणी चढते आणि पाटात वळते. पाट 2 ते 12 किलोमीटर लांबीचे असतात. त्यातून चाऱ्या फुटतात, चाऱ्यांतून शेताशेतात पाणी नेणारे सारंग निघतात आणि जादा पाणी परत नदीत सोडले जाते. सगळा प्रवाह उताराचा. मोट लागत नाही, इंजिनही नाही.

भिजणारे शिवार साधारण तीन-चार फडांत विभागलेले असते. एका फडात एका वर्षी एकच पीक घ्यायचे: एकात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, आणि पाणी कमी असेल तर एखादा फड पडीक. कोणता फड भिजवायचा, हे गावकरी दरवर्षी एकत्र बसून ठरवतात. शक्यतो प्रत्येक शेतकऱ्याची जमीन प्रत्येक फडात असते, त्यामुळे एक फड सोडला तर झळ सगळ्यांना सारखीच बसते. या पद्धतीतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच. टंचाईच्या वर्षी भांडणाला फारसे कारण उरत नाही आणि पीकही आपोआप आलटून-पालटून येते.

पाणी शेतकऱ्याने स्वतः वळवायचे नसते. ते काम पाटकरी आणि बारेकरी करतात. जागल्या पीक राखतो, हवालदार सगळ्यांवर देखरेख ठेवतो. पाटातला गाळ काढणे आणि बंधाऱ्याची डागडुजी ही लाभधारकांची सामाईक जबाबदारी. बंधारे टिकले ते या रोजच्या राबत्यामुळे. पाणी वाटणारी माणसे हटली, तर नुसत्या दगडांचे जतन करून फारसे काही वाचणार नाही.

जगाने अशा व्यवस्थांना वारशाचा मान दिला आहे. स्पेनमधील व्हॅलेन्सियाची शेतकऱ्यांची जल-पंचायत 2009 मध्ये, तर बालीतली सुबक पद्धत 2012 मध्ये युनेस्कोच्या याद्यांत आली.

पांझरेवर मात्र ताण वाढला आहे. वरच्या अंगाला धरणे झाली आणि नदीचा प्रवाह गावाच्या हाती राहिला नाही. विहिरी आणि पंप आल्यावर ज्याला-त्याला स्वतंत्र पाणी मिळू लागले, तशी सामाईक शिस्तीची गरजही कमी वाटू लागली. 2005 च्या राज्य कायद्याने पाणीवापर संस्थांना पाणी मोजून घेऊन आपसांत वाटण्याचा अधिकार दिला. वाटपाची ही जबाबदारी फडांच्या गावांनी कायद्याच्या कितीतरी आधीपासून सांभाळली आहे. धरणातून बंधाऱ्यांना हक्काचे पाणी वेळेवर मिळाले, तर ती यापुढेही सांभाळता येईल.