टायरची परीक्षा आणि आपला प्रमाद

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते आणि यात्रासंघांच्या गाड्या तीर्थक्षेत्रांच्या वाटेला लागतात. निघताना पूजेची वस्त्रे, शिदोरी, गाळलेले पाणी यांचे स्मरण प्रत्येकाला असते. परंतु ज्या टायरांवर सारे कुटुंब विसंबलेले असते, त्यांच्याकडे क्वचितच कोणी वाकून पाहते.

टायरच्या बळाची परीक्षा मोठी कठोर असते. अमेरिकेतील मानकानुसार, मोटारीच्या हवा भरलेल्या टायरवर १९ मिलिमीटर व्यासाची, गोलसर टोकाची पोलादी दांडी मिनिटाला ५० मिलिमीटर या गतीने दाबतात. परिघावरील पाच ठिकाणी लागलेले बळ आणि दांडी आत शिरलेले अंतर यांवरून टायरने सोसलेली ऊर्जा मोजतात. दुसऱ्या परीक्षेत टायर फिरत्या ढोलावर ताशी १२० किलोमीटर वेगाने, टप्प्याटप्प्याने भार वाढवीत, ३४ तास चालवतात. त्यानंतर हवा कमी करून आणखी दीड तास! भारतातही मोटारींच्या टायरांसाठी आयएस १५६३३ आणि मालवाहू वाहनांच्या टायरांसाठी आयएस १५६३६ ही मानके आहेत. म्हणून खरेदी करताना आयएसआय चिन्ह अवश्य पाहावे.

मात्र ही परीक्षा नव्या टायरची असते. पुढची परीक्षा मालकाची. हवा कमी असली किंवा माल क्षमतेहून अधिक भरला, की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात, आत उष्णता साठते आणि रबर आतील तारांपासून सुटू लागते. उन्हाळ्यात समृद्धी महामार्गासारख्या लांब, सरळ रस्त्यावर तासन्‌तास वेगाने धावताना हा दोष जिवावर बेततो.

तपासणीला खर्च नाही. टायर थंड असताना हवा मोजावी. मोटारीच्या टायरची खोबण १.६ मिलिमीटरहून उथळ झाली, तर नियमानुसार तो रस्त्यावर चालत नाही; खोबणीतील लहान उंचवटे नक्षीच्या पातळीला आले, की ती वेळ आली असे समजावे. बाजूवरील चार अंकी आकडा निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतो: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. तडा किंवा फुगवटा दिसल्यास टायर तत्काळ बदलावा.

व्यापारी घराण्यात मालट्रकचा टायर केव्हा बदलायचा, हे चालक नव्हे, पेढीवरील मालक ठरवतो. ‘अजून एक खेप निघेल’ असे आपण सहज म्हणतो. त्या खेपेत वाचलेले पैसे आपल्या वहीत जमा होतात. धोका मात्र चालकाच्या आणि वाटेवरील अनोळखी जिवांच्या खाती पडतो. तत्त्वार्थसूत्राने हिंसेचे मूळ प्रमादात सांगितले आहे. मुनिराज चार हात भूमी न्याहाळून पाऊल टाकतात. आपण श्रावकांनी निदान चाक फिरण्यापूर्वी ते न्याहाळावे. हीदेखील जयणाच होय.